टेल्स: पेनड्राइव्हवर मावणारा, बंद केला की सगळं विसरणारा संगणक

टेल्स ही लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे, पण ती लॅपटॉपवर बसवायची नसते. ती पेनड्राइव्हवर टाकायची, त्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करायचा आणि काम झालं की बंद करायचा. या सगळ्यात लॅपटॉपची हार्ड डिस्क वापरलीच जात नाही. जे काही चालतं ते रॅममध्ये, आणि बंद होता होता टेल्स रॅमही पुसून टाकतं. पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केलात, की तुमची नेहमीची विंडोज काही घडलंच नाही अशा थाटात समोर येते.

दुसरी गोष्ट म्हणजे टेल्समधून बाहेर जाणारी सगळी इंटरनेट वाहतूक टॉर नेटवर्कमधून, म्हणजे तुमची ओळख लपवणाऱ्या संगणकांच्या जाळ्यातून जाते. एखाद्या प्रोग्रॅमने परस्पर थेट इंटरनेटवर जायचा प्रयत्न केला, तर टेल्स तो अडवतं.

हा प्रकल्प २००९ पासून सुरू आहे. त्याचा पाया डेबियन लिनक्सचा. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी पाळत यंत्रणेची कागदपत्रं पत्रकारांना दिली, त्या व्यवहारात लॉरा पॉयट्रस आणि ग्लेन ग्रीनवाल्ड यांनी टेल्स वापरलं आणि मग जगाला हे नाव कळलं. २०२४ च्या सप्टेंबरात टेल्स आणि टॉर प्रोजेक्ट या दोन संस्था एकत्र झाल्या. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे.

कोणी वापरावं? माहिती देणाऱ्या माणसाचं नाव जपायचं असलेला बातमीदार, अशिलाची कागदपत्रं सांभाळणारा वकील, माहिती अधिकारात कोणाच्या तरी शेपटीवर पाय ठेवलेला कार्यकर्ता, घरातला एकच लॅपटॉप नवऱ्याच्या नजरेखाली असलेली आणि तरीही मदत शोधायची असलेली बाई. शेवटचं उदाहरण मुद्दाम देतोय, कारण असल्या साधनांची चर्चा नेहमी हेरगिरीच्या गोष्टींपाशीच अडकते.

भीमा कोरेगाव प्रकरणातल्या एका आरोपीच्या लॅपटॉपची प्रत आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी फॉरेन्सिक कंपनीने तपासली. नेटवायर नावाच्या मालवेअरमधून, म्हणजे घातक सॉफ्टवेअरमधून, त्या लॅपटॉपवर बाहेरून फायली टाकल्या गेल्या होत्या, असा निष्कर्ष तिने २०२१ च्या अहवालात काढला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही, आणि त्या वादात इथे शिरायचं कारण नाही. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की असलं मालवेअर हार्ड डिस्कवरच्या विंडोजमध्ये घर करून राहतं. टेल्स त्या विंडोजला जागंच करत नाही, त्यामुळे ते मालवेअरही झोपलेलं राहतं. मात्र कोणी लॅपटॉप उघडून आत काही बसवलं असेल, किंवा बायोसमध्येच (लॅपटॉप सुरू करणाऱ्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) घुसखोरी झाली असेल, तर टेल्स काही करू शकत नाही.

आधी सामान जमवा

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा. मी १६ किंवा ३२ जीबीचा घ्या म्हणेन, आणि शक्यतो यूएसबी ३.० चा, कारण यूएसबी २.० वरचं टेल्स चालतं खरं, पण प्रत्येक गोष्टीला वाट बघायला लावतं. लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर मिळणारा स्वस्तातला १२८ जीबीचा पेनड्राइव्ह या कामाला घेऊ नका. आत खरी जागा ८ जीबी आणि वर लेबल १२८ चं, असा माल सर्रास असतो. अर्ध्यात डेटा खराब झाला की दोष टेल्सला दिला जातो. चांगल्या कंपनीचा, पक्क्या बिलाचा घ्या, आणि जमलं तर दोन घ्या. दुसरा कशाला, ते पुढे येईल.

लॅपटॉप ६४ बिटचा, इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरचा हवा. २०२५ च्या सप्टेंबरात आलेल्या टेल्स ७.० पासून ३ जीबी रॅम ही किमान गरज झाली आहे. प्रत्यक्षात ४ असली तर बरं, ८ असली तर कुरकुर राहत नाही. अ‍ॅपलचे एम१ आणि त्यानंतरच्या चिपचे मॅक यावर चालत नाहीत, जुने इंटेलवाले चालतात. मोबाइलवर टेल्स चालत नाही.

आणि हे वाचायचा दुसरा पडदा हवा. टेल्स सुरू करायला लॅपटॉप रिस्टार्ट करावा लागतो, मग सूचना त्याच लॅपटॉपवर उघड्या ठेवून उपयोग नाही. मोबाइलवर उघडा नाहीतर कागदावर उतरवून घ्या.

डाउनलोड आणि पडताळणी

टेल्स फक्त टेल्स डॉट नेट या त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. २०२३ च्या आधीच्या लेखांत आणि व्हिडिओंत वेगळा पत्ता दिसेल, कारण तेव्हा तो वेगळा होता. टेलिग्रामवर कोणी तयार फाइल पाठवली, मित्राने जुना पेनड्राइव्ह दिला, एखाद्या दुकानदाराने टाकून देतो म्हटलं, तर नम्रपणे नको म्हणा. ज्या साधनाच्या भरवशावर पुढचं सगळं उभं राहणार आहे, ते कोणाच्या हातून येतंय याला महत्त्व आहे.

तिथे दोन प्रकारच्या फायली असतात: पेनड्राइव्हसाठी इमेज फाइल, आणि डीव्हीडी किंवा व्हर्च्युअल मशीनसाठी आयएसओ. आपल्याला पहिली हवी. ती दीड-दोन जीबीच्या घरातली आहे, तेव्हा मोबाइल डेटावर असाल तर दिवसाचा कोटा बघून सुरू करा.

उतरली की पडताळणी. बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि नेमकी हीच गाळायची नसते. डाउनलोडच्याच पानावर खाली एक बटण आहे, त्याने तुमच्या संगणकावरची फाइल निवडायची. ती कुठेही अपलोड होत नाही. ब्राउझर तुमच्याच संगणकावर तिची डिजिटल ओळख काढतो आणि मूळ फाइलशी ताडून बघतो. थोड्या वेळात हिरवी खूण आली की झालं. जुळली नाही तर फाइल पुन्हा उतरवा. बहुतेकदा कारण मध्येच तुटलेलं डाउनलोड असतं, पण परत परत जुळत नसेल तर दुसऱ्या नेटवर्कवरून, दुसऱ्या संगणकावरून उतरवून बघा. ज्यांना ओपनपीजीपीची सवय आहे त्यांनी सही तपासावी, ते अधिक पक्कं.

पेनड्राइव्हवर टाकणं

नुसती फाइल कॉपी करून पेनड्राइव्हवर चिकटवली तर काही होणार नाही. ती इमेज म्हणून लिहावी लागते. विंडोजवर त्यासाठी रुफस नावाचा छोटा प्रोग्रॅम वापरतात, मॅकवर बलेनाएचर, आणि लिनक्सवर डिस्क्स हे बहुधा आधीपासून असलेलं साधन.

रुफस उघडण्याआधी लॅपटॉपला लावलेले बाकीचे सगळे पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्ड डिस्क काढून ठेवा. या पायरीत ज्या ड्राइव्हवर बोट ठेवाल त्यावरचं सगळं जातं, आणि लग्नाच्या फोटोंची हार्ड डिस्क पुसली गेली की ती परत येत नाही. मग वरच्या चौकटीत आपला पेनड्राइव्ह निवडा, ‘सिलेक्ट’ दाबून इमेज फाइल दाखवा, बाकीच्या पर्यायांना हात लावू नका आणि ‘स्टार्ट’ दाबा. डेटा जाईल असा इशारा येतो, तो मान्य करा. हिरवी पट्टी भरली की काम झालं.

इथे एक खाचखळगा आहे. लिहून झाल्यावर विंडोज मध्येच विचारू शकते की हा ड्राइव्ह वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? नाही म्हणा, ‘कॅन्सल’ करा. विंडोजला त्या पेनड्राइव्हवरची रचना कळत नाही एवढाच त्याचा अर्थ. सवयीने ‘फॉरमॅट’ दाबलंत तर पुन्हा पहिल्यापासून.

लॅपटॉप पेनड्राइव्हवरून उठवणं

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, कारण प्रत्येक कंपनीचा लॅपटॉप वेगळं वागतो.

सुरुवात करण्याआधी एक काम करा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि त्याची बिटलॉकर रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. बायोसमध्ये काही बदललंत तर पुढच्या वेळी विंडोज ती की मागू शकते. आधीच शोधून लिहून ठेवा. नाहीतर टेल्स सुरू होईल, पण तुमची विंडोज बाहेर बसेल.

विंडोजवरून जायचा सोपा रस्ता: पेनड्राइव्ह लावा, स्टार्ट मेनूत ‘पॉवर’वर जा, शिफ्ट दाबून धरा आणि ‘रिस्टार्ट’वर क्लिक करा. निळा पडदा येईल, त्यात ‘यूज अ डिव्हाइस’ निवडा आणि पुढे पेनड्राइव्हचं नाव. काही लॅपटॉपवर हा पर्यायच दिसत नाही. मग लॅपटॉप पूर्ण बंद करा, चालू करा आणि लगेच बूट मेनूची कळ टकटक दाबत राहा: डेल आणि लेनोवोवर साधारण एफ१२, एचपीवर एफ९, आसुसवर एस्केप, एसरवर एफ१२ किंवा एफ२. एकदाच दाबून वाट बघत बसलात तर विंडोज हमखास आधी पोचते.

सिक्युअर बूट (मान्यताप्राप्त सिस्टिमच सुरू होऊ देणारी लॅपटॉपची सोय) बंद करावं लागेल असं जुन्या लेखांत लिहिलेलं असतं. २०२० च्या ४.५ आवृत्तीपासून टेल्स सिक्युअर बूटसह चालतं. तेव्हा ते बंद करायच्या भानगडीत पडू नका.

बरोबर जमलं तर टेल्सचा मेनू दिसतो आणि काही सेकंदांत आपोआप पुढे सरकतो. त्यानंतर पडदा काळाच राहिला तर बहुधा ग्राफिक्स कार्डाचं दुखणं असतं, एनव्हिडियाच्या काही कार्डांवर हे होतं. रिस्टार्ट करून मेनूतला ‘ट्रबलशूटिंग मोड’ निवडून बघा. तरीही नाही तर दुसरा लॅपटॉप शोधा. त्याच्याशी झुंजण्यात दोन दिवस घालवण्यापेक्षा ते शहाणपणाचं.

स्वागताचा पडदा

डेस्कटॉप येण्याआधी एक पडदा येतो. त्यात भाषा, कीबोर्ड आणि प्रदेश ठरवता येतो. इथे कीबोर्ड इंग्रजीच ठेवा. मराठी टायपिंग नंतर ‘सेटिंग्ज’मधल्या कीबोर्ड विभागात जाऊन जोडता येतं, पण पासफ्रेज (अनेक शब्दांचा लांब पासवर्ड, तो पुढे येईल) इंग्रजी कीबोर्डवर ठरवलेला आणि पडद्यावर निवडलेला कीबोर्ड दुसराच, असा घोळ झाला तर बरोबर पासफ्रेजही चुकीचा ठरतो.

खाली अधिकच्या सेटिंग्जचं बटण आहे. तिथला प्रशासकीय पासवर्ड मुळात बंद असतो, तो बंदच राहू द्या. तो नसला की तुमच्या नकळत घुसलेल्या प्रोग्रॅमलाही सिस्टिममध्ये खोलवर हात घालणं अवघड जातं. मॅक अ‍ॅड्रेस लपवण्याची सोय मुळातच चालू असते. मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे तुमच्या वाय-फाय कार्डाचा कारखान्यातून आलेला क्रमांक. वाचनालयाचं किंवा कॉलेजचं वाय-फाय त्यावरून तुमचा लॅपटॉप ओळखू शकतं. स्वतःच्याच घरी असाल आणि राउटर अनोळखी यंत्राला जोडू देत नसेल, तरच ती सोय बंद करायचा विचार करा. इंटरनेट नकोच असेल, नुसती कागदपत्रं वाचायची असतील, तर ऑफलाइन मोड निवडा.

पहिल्यांदा काहीही न बदलता सरळ ‘स्टार्ट टेल्स’ दाबा आणि पाहून घ्या: टचपॅड चालतं का, आवाज येतो का, वाय-फाय दिसतं का. वाय-फाय दिसत नसेल तर त्या कार्डाचा ड्रायव्हर टेल्सकडे नाही. त्यावर दोन उपाय: यूएसबी वाय-फाय अ‍ॅडॅप्टर, किंवा अँड्रॉइड फोनचं यूएसबी टेदरिंग. टेदरिंगमध्ये तुमच्या सिमचाच डेटा वापरला जातो, आणि सिम आधारला नाहीतर दुसऱ्या ओळखपत्राला जोडलेलं आहे, हे मनात असू द्या.

टॉरला जोडणं, आणि आपल्याकडचं घड्याळ

वाय-फाय जोडलं की ‘टॉर कनेक्शन’ची खिडकी उघडते आणि एकच प्रश्न विचारते: आपोआप जोडू, की तुम्ही टॉर वापरताय हे तुमच्या स्थानिक नेटवर्कपासून लपवू?

टॉर तुमची वाहतूक जगभरातल्या तीन वेगवेगळ्या संगणकांवरून फिरवतं. पहिल्याला तुम्ही कोण हे कळतं, पण कुठे चाललात हे कळत नाही. शेवटच्याला कुठे हे कळतं, पण कोण हे कळत नाही. तुमच्या ब्रॉडबँड कंपनीला मात्र हा ग्राहक टॉरला जोडला आहे एवढं दिसतं. भारतात टॉर वापरणं हा गुन्हा ठरवणारा कायदा नाही. त्यामुळे घरून, स्वतःच्या नावाच्या कनेक्शनवरून साधं काम करणाऱ्याला पहिला पर्याय पुरे.

पण नेटवर्क छोटं असेल तर गोष्ट बदलते. २०१३ च्या डिसेंबरात हार्वर्ड विद्यापीठाला बॉम्बच्या खोट्या धमकीचा मेल आला. पाठवणाऱ्या विद्यार्थ्याने टॉर वापरलं होतं, पण विद्यापीठाच्याच वाय-फायवरून. त्या वेळी त्या नेटवर्कवर टॉर कोण वापरत होतं हे नोंदींत दिसलं आणि तो सापडला. त्याने केलं ते वाईटच, पण पकडला जाण्याची रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. टॉर फुटलं नव्हतं. त्या गर्दीत तो जवळपास एकटा होता. तालुक्याच्या गावातल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत, कंपनीच्या वाय-फायवर किंवा होस्टेलवर तुम्हीही असेच एकटे असू शकता. अशा ठिकाणी दुसरा पर्याय घ्या. तो ‘ब्रिज’ वापरतो, म्हणजे टॉरचे जाहीर यादीत नसलेले प्रवेशबिंदू, जिथली वाहतूक टॉरसारखी दिसत नाही. ब्रिज टॉर प्रोजेक्टकडून जीमेल किंवा राइजअप या मेलसेवेच्या पत्त्यावरून मेल करून मागवता येतो. मात्र तो मेल ज्या खात्यावरून जाईल, त्या खात्याला ते माहीत राहतं.

ब्रिज भरला, सगळं बरोबर केलं, तरी टॉर जोडत नाही, असं आपल्याकडे बरेचदा होतं. कारण ब्रिजमध्ये नसतं, घड्याळात असतं. विंडोज लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात भारतीय वेळ ठेवते, आणि टेल्स तीच ग्रिनिच वेळ समजून वाचतं. म्हणजे टेल्सचं घड्याळ साडेपाच तास पुढे. आपोआप जोडताना टेल्स आधी एका सर्व्हरवरून वेळ दुरुस्त करून घेतं, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. लपवण्याच्या पर्यायात ते तसं करत नाही, आणि ब्रिजला एवढ्या चुकीची वेळ खपत नाही. जोडणी फसल्याच्या पडद्यावर घड्याळ दुरुस्त करायचं बटण येतं. ते दाबा, प्रदेश म्हणून कोलकाता निवडा, मोबाइलवरची वेळ भरा आणि पुन्हा जोडा.

रेल्वे स्टेशन, विमानतळ, लॉज इथलं वाय-फाय आधी मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतं. ते पान टॉर ब्राउझरमध्ये उघडणार नाही. त्यासाठी टेल्समध्ये ‘अनसेफ ब्राउझर’ असतो. त्यात लॉगिन करा, बंद करा, मग टॉर जोडा. त्या ब्राउझरमधलं काहीच टॉरमधून जात नाही, तेव्हा ओटीपीपलीकडे त्यात एकही पान उघडू नका. आणि नंबर तुमच्या नावावर असल्याने तुम्ही तिथे होतात ही नोंद राहणारच. सायबर कॅफेचंही तेच: २०११ च्या नियमांनुसार तिथे ओळखपत्र दाखवावं लागतं आणि नोंदवही किमान वर्षभर जपून ठेवायची असते. टॉर तिथे काय केलं ते झाकतं, तिथे होतात हे झाकत नाही.

‘व्हीपीएन का नको?’ हा प्रश्न हमखास येतो. व्हीपीएन तुमची वाहतूक एका कंपनीच्या सर्व्हरमधून नेतं, म्हणजे सगळा भरवसा त्या एकाच कंपनीवर. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार भारतात व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते आणि आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) पाच वर्षं ठेवायची आहेत. त्यामुळे काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. टेल्समध्ये व्हीपीएन जोडायची सोय नाही, आणि ती मुद्दामच नाही.

लक्षात ठेवायचं तेवढंच साठवा

मुळात टेल्स काहीच जपत नाही. वाय-फायचा पासवर्डसुद्धा दर वेळी नव्याने. रोज वापरायचं तर त्याच पेनड्राइव्हच्या उरलेल्या जागेत ‘पर्सिस्टंट स्टोरेज’ नावाचा कुलूपबंद कप्पा तयार करता येतो. स्वागताच्या पडद्यावर तसा पर्याय आहे, डेस्कटॉपवरच्या अ‍ॅप्लिकेशन मेनूतही आहे.

कप्प्याची सगळी ताकद पासफ्रेजमध्ये. टेल्स स्वतःच पाच इंग्रजी शब्द सुचवतं, तेच घ्या. स्वतः सुचलेले शब्द बहुधा दुसऱ्यालाही सुचतात: मुलांची नावं, गावाचं नाव आणि पुढे १२३, गाजलेल्या अभंगाची ओळ, शिवाजी महाराजांच्या किल्ल्याचं नाव. पासफ्रेज विसरलात तर टेल्सवालेही कप्पा उघडून देऊ शकत नाहीत. सुरुवातीचे काही दिवस कागदावर लिहून सुरक्षित ठेवा, तोंडपाठ झाला की कागद जाळा.

कप्पा झाला की काय काय जपायचं याची यादी येते. मी फोल्डर, नेटवर्क जोडण्या आणि टॉरचा ब्रिज एवढंच चालू करायला सांगतो. बाकीचं गरज पडली तर. जास्तीचं सॉफ्टवेअर टाकायचीही सोय आहे, पण प्रत्येक जादा प्रोग्रॅम म्हणजे एक जादा भोक.

हा कप्पा दिसू शकतो, ही गोष्ट कोणी सांगत नाही. आत काय आहे हे कळणार नाही, पण पेनड्राइव्ह हातात पडला तर कुलूपबंद काहीतरी आहे हे कोणालाही दिसेल. तेवढंही धोक्याचं असेल तर कप्पा करूच नका, रिकामं टेल्स वापरा.

रोजची कामं

टॉर ब्राउझर हे मुख्य हत्यार. ढालीच्या चिन्हावरून सुरक्षेची पातळी वाढवा. सगळ्यात वरच्या पातळीवर बऱ्याच साइट अर्धवट दिसतात, पण नुसतं वाचायचं असेल तर पुरतं. खिडकी मोठी केलीत तर कडेला राखाडी पट्ट्या येतात. तो बिघाड नाही, तुमच्या पडद्याच्या मापावरून ओळख पटू नये म्हणून ते आहे. टॉरच्या शेवटच्या टप्प्यावरचा संगणक कोणाचाही असू शकतो, म्हणून पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस नसलेल्या साइटवर पासवर्ड टाकू नका.

टेल्समध्ये बँक, डिजिलॉकर, प्राप्तिकर किंवा रेल्वेचं तिकीट उघडू नका. एक तर बऱ्याच सरकारी साइट परदेशी पत्त्यावरून उघडतच नाहीत, बँक खातं अडकवून ठेवते. दुसरं, स्वतःच्या नावाने लॉगिन केल्यावर लपवायला काय उरलं? एकाच बैठकीत स्वतःचा जीमेल आणि टोपणनावाचा मेल दोन्ही उघडले, की त्या दोघांत धागा जोडला गेला. एक काम झालं की टेल्स रिस्टार्ट करा, मग दुसरं. आळस येतो, पण इथे आळसाची किंमत मोठी आहे. व्हॉट्सअ‍ॅप वेबही यातलंच. तुमचा नंबर म्हणजे तुमचं नाव.

फाइल पाठवायची तर ओनियनशेअर. फाइल कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरवर चढत नाही, तुमच्याच लॅपटॉपवरून जाते. समोरच्याने टॉर ब्राउझरमध्ये पत्ता उघडायचा आणि किल्ली टाकायची. तो उतरवून घेईपर्यंत तुमचा लॅपटॉप चालू राहायला हवा. पत्ता एका मार्गाने आणि किल्ली दुसऱ्या मार्गाने पाठवा.

फोटो पाठवण्याआधी मेटाडेटा क्लीनरमधून काढा. मोबाइलच्या फोटोत कॅमेऱ्याचं मॉडेल, वेळ, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही असतात. आधी प्रत करून ठेवा, कारण हा प्रोग्रॅम हातातलीच फाइल बदलतो. फोटोच्या आत जे दिसतं ते मात्र तसंच राहतं: मागची दुकानाची पाटी, काचेत पडलेलं प्रतिबिंब, टेबलावरचं वीजबिल. छापील कागदाचा रंगीत स्कॅन असेल तर आणखी एक: बरेचसे रंगीत लेझर प्रिंटर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके छापतात, त्यात प्रिंटरचा क्रमांक आणि तारीख असते. अशा मजकुराचा फोटो न पाठवता तो टाइप करून पाठवावा.

अनोळखी माणसाने पाठवलेला व्हिडिओ किंवा पीडीएफ उघडायचा असेल तर ऑफलाइन मोडमध्ये उघडा. हे तोंडदेखलं सांगत नाही. मुलींना धमकावणाऱ्या एका माणसाला पकडण्यासाठी फेसबुकने बाहेरच्या कंपनीकडून टेल्सच्या व्हिडिओ प्लेअरमधली एक फट शोधून घेतली, ती एफबीआयच्या हाती गेली आणि एका व्हिडिओ फाइलीतून त्याचा खरा आयपी बाहेर आला, हे २०२० मध्ये बातम्यांतून उघड झालं. तो पकडला गेला हे चांगलंच झालं. पण फट माणूस बघून उघडत नाही.

पासवर्ड ठेवायला कीपासएक्ससी आहे. त्याची फाइल कप्प्यातल्या फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर बंद करताच गायब.

बंद करणं, प्रत ठेवणं, नवी आवृत्ती

काम संपलं की वरच्या कोपऱ्यातून बंद करा आणि पडदा पूर्ण विझेपर्यंत थांबा, कारण त्याच सेकंदांत रॅम पुसली जाते. नुसतं झाकण मिटलं तर काहीच पुसलं जात नाही. दार वाजलं, हातात वेळ नाही, तर पेनड्राइव्ह सरळ उपटा. टेल्स लगेच बंद होऊन रॅम पुसतं. मात्र कप्पा उघडा असेल तर त्यातला डेटा खराब होऊ शकतो, तेव्हा हा रोजचा मार्ग नव्हे.

आता तो दुसरा पेनड्राइव्ह. पेनड्राइव्ह हरवतात, धुण्यात जातात, एक दिवस कारण न देता मरतात. ‘टेल्स क्लोनर’ने दुसऱ्यावर टेल्स उतरवा आणि कप्प्यासह प्रत करायचा पर्याय निवडा. प्रत घरापासून लांब, विश्वासाच्या माणसाकडे ठेवा आणि महत्त्वाचं काही साठवलं की ताजी करा.

नवी आवृत्ती साधारण महिन्याला येते. टॉरला जोडल्यावर टेल्स आपणच सांगतं आणि ती उतरवून घेतं. ते नंतर बघू म्हणू नका, कारण त्यात बहुतेकदा ब्राउझरच्या फटी बुजवलेल्या असतात. मोठी उडी असेल, जसं ६ वरून ७ वर, तर आपोआप होत नाही. तेव्हा नव्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह वर सांगितल्याप्रमाणे तयार करायचा, त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा, जुना पेनड्राइव्ह लावायचा आणि क्लोनरमधून ‘अपग्रेड’ दाबायचं. कप्पा तसाच राहतो. रुफसने जुन्या पेनड्राइव्हवर थेट नवी इमेज लिहिलीत तर मात्र कप्पा पुसला जाईल.